ठकी चारशे फुटांवरून उडी मारते

ठकी ही आमची रिमोटवर चालणारी बाहुली, पॅराशूटची छत्री घेऊन विमानातून उडी मारणारी. मैदानावर ती उतरली की चार बघे जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर्वो कुठला वापरलात?" सर्वो म्हणजे तिचे हात हलवणारी छोटी मोटर. मग बॅटरी केवढी, रिमोट कुठला. हे सगळं माझ्या भाच्याला विचारतात, कारण रिमोट त्याच्या गळ्यात असतो. छत्री कोणी शिवली, हे सहसा कोणी विचारत नाही. ती विकत आणलेली असणार असं धरूनच चालतात. मी शेजारी उभी राहून दोऱ्यांचा गुंता सोडवत असते, तरीही.

म्हणून लिहायला बसले. माझं स्पष्ट मत आहे की रेडिओवर चालणारा स्कायडायव्हर बनवणं हे मुळात शिवणकाम आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, एका दुपारी उरकतो. छत्रीचं तसं होत नाही. कानपूरला सरकारी पॅराशूट कारखाना १९४१ पासून आहे, आणि तिथेही शेवटी कापड कापून मशीनवर टिपाच मारतात.

मी कर्वेनगरला ब्लाउज शिवते. पिको-फॉल, अस्तर, पॅडेड, जे येईल ते. भाचा आयटीत, सुट्टीच्या दिवशी फोमची विमानं उडवणारा. एकदा त्याने मोबाइलवर फ्रान्सच्या ओपाल पॅरामॉडेल्सची छोटी पॅराशूटं दाखवली. किंमत, वर कस्टम ड्युटी, आणि मग लाडात येऊन, "मावशी, एवढं तू शिवशील ना?" मी फोटो मोठा करून शिवणी बघितल्या. अवघड दिसत होतं, पण अशक्य काही नव्हतं. बाहीचा गोल बसवता येतो त्याला हे जमायला हवं.

आता ही छत्री म्हणजे जुन्या सिनेमात सैनिक लटकतात तसली गोल घुमटी नव्हे. ही चौकोनी, दोन पदरांची. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये विमानाच्या पंखाच्या आकाराच्या उभ्या पट्ट्या. पुढचं तोंड उघडं. हवा आत शिरते, कोंडते आणि कापडाचाच पंख तयार होतो. डोमिना जाल्बर्ट नावाच्या माणसाला अमेरिकेत १९६६ मध्ये याचं पेटंट मिळालं. तो पतंग आणि फुगे बनवणारा माणूस होता. हे कळल्यावर मला बरं वाटलं, आपल्यातलाच कोणी निघाला.

माप ठरवताना भाच्याने वहीत गणित मांडलं, ते मला आवडलं म्हणून देते. खरा माणूस सगळ्या सामानासकट ८५ किलो आणि त्याची छत्री २०० चौरस फूट, असं धरा. आपण सगळं एक-चतुर्थांश करायचं. लांबी-रुंदी चौथा भाग झाली की कापड सोळावा भाग होतं, म्हणजे साडेबारा चौरस फूट. वजन मात्र चौसष्टावा भाग, म्हणजे साधारण १ किलो ३०० ग्रॅम. वेग निम्मा. खरी छत्री ताशी ४० किलोमीटरने पुढे जात असेल तर आपली २० ने. बाहुली हातभर, छत्री १५५ सेंटीमीटर रुंद आणि ७५ लांब. बाहुली जड झाली तर ती दगडासारखी खाली येणार आणि हलकी झाली तर वारा नेईल तिकडे जाणार, त्यामुळे वजनाचा काटा शेवटपर्यंत टेबलावर होता.

कापड रिपस्टॉप नायलॉन. हातात धरलं की बारीक चौकडी दिसते, ती जाड धाग्यांची असते, फाटलं तर तिथे फाटणं थांबावं म्हणून. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात, तिथून वय झालेल्या ग्लायडरचा एक तुकडा ओळखीने मिळाला. जुनं कापड घेताना एक करायचं. ओठांवर घट्ट धरून फुंकर मारायची. हवा आरपार गेली तर परत द्यायचं. उन्हाने वरचा लेप गेलेलं कापड दिसायला झकास दिसतं, पण हवा धरत नाही. आमच्या तुकड्यात मधला भाग चांगला निघाला, कडेचा टाकावा लागला.

कापायच्या आधी धागा बघायचा. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला उरेब म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नायलॉन उभ्या-आडव्या धाग्यात ताणत नाही, पण उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की रबरासारखं येतं. मधल्या पट्ट्यांना खालून दोऱ्या ओढतात आणि वरून हवा, त्यामुळे सरळ धागा उभाच हवा. कापड वाचवायला पट्ट्या तिरक्या मांडल्या तर उडताना त्यांचा आकारच बदलतो. भाचा म्हणाला होता, "तिरक्या ठेवल्या तर अजून दोन बसतील." मी कात्री खाली ठेवली आणि त्याला चहा करायला पाठवलं.

सात कप्प्यांची छत्री. प्रत्येक कप्प्याच्या मध्ये आणखी एक पट्टी, म्हणजे सगळ्या मिळून १५ पट्ट्या. त्यातल्या आठांना दोऱ्या, बाकीच्या सात नुसत्या आकार धरायला. प्रत्येक पट्टीत भोकं ठेवायची, शेजारच्या कप्प्यात हवा जावी म्हणून. ही भोकं कात्रीने नाही कापायची. काचेवर कापड ठेवून सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने गोल फिरवायचं. कडा वितळून बंद होते, धागे सुटत नाहीत. टोक जरा रेंगाळलं की कड तपकिरी होऊन कडक होते, म्हणून हात थांबवायचा नाही. वास वाईट येतो, खिडकी उघडी ठेवा.

टाचण्या लावायच्या नाहीत. प्रत्येक टाचणीचं भोक कायम राहतं. मी ग्लू स्टिकने कडा चिकटवून घेतल्या. ११ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, मशीनच्या पायाचा दाब कमी, आणि कापड सरकतं म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी, टीप मारून झाली की फाडून टाकायची. टाका अडीच-तीन मिलिमीटरचा. फार बारीक टीप मारली तर भोकांच्या रांगेवरच कापड उसवतं. माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, आठ मिलिमीटर सगळीकडे, एकसारखी. ब्लाउजात आपण जास्त माया ठेवतो, पुढे बाई जाड झाली तर उसवून सैल करता येतो. इथे तसं नाही. एका पट्टीला माया दोन मिलिमीटर जास्त गेली की तो कप्पा अरुंद झाला आणि पंख वाकडा.

सगळ्यात डोकं खाणारं काम दोऱ्यांचं. मासेमारीची विणलेली डायनिमाची दोरी घेतली. बारीक, पण भलती मजबूत, आणि तितकीच गुळगुळीत. आठ पट्ट्या, प्रत्येकीला पुढून मागे चार ठिकाणी दोरी. पुढच्या दोन खाली येऊन एक होतात, मागच्या दोन तशाच. म्हणजे खाली सोळा, शिवाय ब्रेकच्या वेगळ्या, छत्रीची मागची कड खाली ओढून वळायला आणि वेग कमी करायला. पुढच्या दोऱ्या थोड्या आखूड, मागच्या लांब, म्हणजे पंखाचं नाक जरासं खाली राहतं आणि तो पुढे चालतो. हा फरक बिघडला की सगळं बिघडलं. जुन्या पाटावर खिळे ठोकले आणि प्रत्येक दोरी त्यावर मोजली. त्याआधी वजन टांगून रात्रभर ताणून घेतली. गाठ मारून झालं असं समजायचं नाही, डायनिमा गाठीतून सरकतो. गाठीवर दाट झिगझॅग मारायचा, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर असतो तसा बारटॅक.

ठकी पहिल्यांदा उडायला लागली तेव्हा सतत डावीकडे वळायची. भाच्याने रिमोटवर ट्रिम दिला, म्हणजे उजवीकडची थोडी ओढ कायमची लावून ठेवली, सर्वोचा हात बदलला, मग दुसरा सर्वो मागवायला निघाला. मी छत्री घरी आणून पाटावर ताणली. डाव्या बाजूची मागची एक दोरी बाकीच्यांपेक्षा पाच-सहा मिलिमीटर आखूड भरली. ती बदलली, ट्रिम शून्यावर आणला, आणि बाई सरळ चालायला लागली. सर्वोचे पैसे वाचले.

छत्री एकदम उघडू नये म्हणून स्लायडर लागतो. चौकोनी कापड, चार कोपऱ्यांत चार रिंगा, त्यातून सगळ्या दोऱ्या गेलेल्या. घडी घालताना तो वर छत्रीपर्यंत सारायचा. उघडताना हवा त्याला वर दाबून धरते आणि तो सावकाश खाली सरकतो, तेवढा वेळ छत्री हळूहळू पसरते. रिंगा बोहरी आळीत मिळाल्या, बुटाच्या आयलेटच्या. आतली कड बोटाने फिरवून बघा, धार असेल तर दोऱ्या कापते. मी प्रत्येक रिंग बारीक सँडपेपरने घासली.

आता ठकी. लाकडी ठकी आमच्या लहानपणी घराघरात असायची, नाव तिथलंच. हिला प्लायवूडचा सांगाडा, फोमचं अंग, डोक्याला टेनिस बॉल, वर हेल्मेट. पोटाशी शिशाचं वजन, म्हणजे पडताना पोट खाली आणि हात-पाय वर राहतात. भाच्याला जंपसूट हवा होता. मी नऊवारी नेसवली. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती. त्याआधी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, आणि २०११ ला पद्मश्री. मग आमच्या बाईने जंपसूट का घालायचा? शिवाय काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, ते या कामाला सोयीचंच. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपीसमधून उरलेल्या तुकड्यांतून दोन मीटरची पट्टी जोडली, काठासकट. पदर मात्र कमरेशी शिवून टाकलाय. एक फडफडणारं टोक पुरतं, दोऱ्यांत अडकलं की संपलं.

सर्वोबद्दल दोन वाक्यं लिहिते, नाहीतर भाचा रुसेल. ठकी खऱ्या माणसासारखीच दोन हातांनी ब्रेक ओढते. दोरीला अर्धा किलो ओढ आणि हाताची लांबी १८ सेंटीमीटर, म्हणजे नऊ किलो-सेंटीमीटर ताकद लागते. नऊ ग्रॅमचे छोटे निळे सर्वो दोनाच्या आत असतात. म्हणून हातांना २० किलोवाले धातूच्या दात्यांचे, आणि पाठीवरच्या पिशवीची पिन काढायला एक छोटा. रिमोट साधा फ्लायस्काय, डावी काडी डावा हात, उजवी काडी उजवा. सिग्नल तुटला तर पिन आपोआप निघेल अशी फेलसेफ सेटिंग आहे. सवा किलोचं धूड छत्री न उघडता खाली यायला नको. हे ज्याला करायचं नाही त्याने या छंदात पडू नये.

उडवायला पौडच्या पुढे जातो, ओळखीच्या शेतकऱ्याच्या भात काढलेल्या शेतात. लोहगावचा विमानतळ आणि एनडीए ही लष्करी प्रबोधिनी यांच्यामुळे शहराच्या जवळ कुठेही उडवायचं म्हणून चालत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी जो नकाशा केलाय, त्यात हिरवा भाग बघायचा, तिथेही मर्यादा ४०० फुटांची. हिवाळ्यात सकाळी दहाच्या आत. छत्रीचा वेगच ताशी वीस, वारा पंधराच्या वर गेला की ठकी जागच्या जागी लोंबकळत राहते, किंवा उलटी ताम्हिणी घाटाकडे निघते.

चारशे फुटांवरून विमान तिला सोडतं. दोन सेकंद नऊवारी फडफडताना दिसते, पिन निघते, पिशवीतून आधी एक छोटी छत्री बाहेर पडते, ती मोठीला ओढते, स्लायडर खाली येतो. मग अर्धा मिनिट. तेवढंच. जमिनीजवळ भाचा दोन्ही काड्या खाली ओढतो, ठकी दोन्ही हात खाली घेते, वेग मरतो आणि ती पायांवर टेकते, म्हणजे जमलं तर. नाहीतर तोंडावर. मग दोऱ्या धसकटांत अडकतात आणि माझं काम सुरू होतं. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून कप्प्यांची तोंडं मोजून घ्यायची, एकेक कप्पा निऱ्यांसारखा बोटांत धरायचा, दोऱ्या मधोमध, स्लायडर वर. घडी माझ्याशिवाय कोणी घालत नाही. बघे तोवर विमानाभोवती गेलेले असतात.

भाच्याला आता नऊ कप्प्यांची, कडेला निमुळती होत जाणारी छत्री हवी आहे, जलद वळते म्हणे. निमुळती म्हणजे कुठलीही पट्टी शेजारच्या पट्टीसारखी नाही, प्रत्येकीचा कागद वेगळा कापायचा. मी त्याला सांगितलंय, मार्गशीर्षातले ब्लाउज हातावेगळे होऊ देत, तोवर तू निळं रिपस्टॉप कुठे मिळतं ते शोध. आणि यावेळी फुंकर मारून घे.