ताई, मग काय केलंस?

मंगळवारी रात्री अकराला प्रयोगशाळेतल्या उंदराचं शेवटचं स्कॅन संपलं आणि मी आधी भावाला फोन लावला. सांगलीत तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पोटात इन्सुलिन टोचून तो नाश्त्याची वाट बघत बसला होता.

टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. लोडशेडिंग असलं की आई इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. इथे अमेरिकेत मी जे काम करते, ते त्या माठापासून सुरू झालं.

स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके दुसऱ्याच्या शरीरात बसवता येतात. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या गटाने अशा 7 रुग्णांचं इन्सुलिन बंद करून दाखवलं. पण मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मागे लागतात. ती टाळायला पेशी जेलच्या दाण्यात बंद करायच्या. साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, शरीराच्या हल्लेखोर पेशी बाहेरच अडतात. लिम आणि सन यांनी 1980 मध्येच उंदरांवर हे केलं होतं. आमचे दाणे सागरी शेवाळातल्या अल्जिनेटचे. कॅल्शियमच्या द्रावणात थेंब पडला की भिजलेल्या साबुदाण्यासारखा दाणा तयार होतो.

घात करतो ऑक्सिजन. हे पुंजके फार हावरे असतात आणि दाण्यात रक्तवाहिनी नसते. बाहेरून झिरपत येणारा ऑक्सिजन दीडदोनशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत जाईपर्यंत संपत येतो. पूर्वी दाणे काढून, कापून बघायचो. पेशी मेलेल्या दिसायच्या. कधी मेल्या, ते कळायला मार्ग नव्हता.

आता पेशींसोबत परफ्लुरोकार्बन या फ्लोरिन असलेल्या द्रवाचे बारीक थेंब घालतो. आमच्या एमआरआयच्या चुंबकाची ताकद 7 टेस्ला, त्यावर हायड्रोजन 300 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना सापडतो, फ्लोरिन 282 च्या. शरीराच्या मऊ भागांत फ्लोरिन जवळपास नसतोच, त्यामुळे काळ्या चित्रात फक्त आमचे दाणे उजळतात. ऑक्सिजनचा रेणू मुळातच चुंबकाला प्रतिसाद देणारा. थेंबात तो जितका जास्त विरघळलेला, तितके फ्लोरिनचे अणू रेडिओलहरींच्या धक्क्यानंतर लवकर मूळ स्थितीला येतात. तो वेळ मोजायचा, तापमान सांभाळायचं, की ऑक्सिजनचा दाब कळतो. दाण्यांना हात न लावता, त्याच प्राण्यात, पुन्हा पुन्हा.

सुरुवातीचे तीन आठवडे आकडे इतके छान आले की मला शंका यायला हवी होती. भूल देताना उंदरांना शुद्ध ऑक्सिजन चालू होता! आम्ही नळीतला ऑक्सिजन मोजत होतो. शिवाय भुलीच्या आयसोफ्लुरेनमध्येही फ्लोरिन असतो, त्याची सावली चित्रात वेगळी. ते सगळं बाजूला ठेवून साध्या हवेवर पुन्हा सुरुवात केली.

मंगळवारी एका उंदराच्या कातडीखालच्या दाण्यांतला ऑक्सिजन घसरलेला दिसला. रक्तातली साखर अजून व्यवस्थित होती. एकच प्राणी आहे, अजून बरेच बघायचेत, पण माझे हात थरथरत होते.

“म्हणजे पेशी मरायच्या आधी कळलं?” भावाने विचारलं.

“हो.”

“ताई, मग काय केलंस?”

त्या उंदरासाठी काही करता आलं नाही. पुढच्या खेपेचे दाणे निम्म्या आकाराचे करतोय, सोमवारी बसवायचेत.