मोठ्या थैलीतल्या सात पन्न्या

आठवडे बाजारात थैली घेऊन जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण घरी येऊन ती थैली ओतली की मिरचीची पन्नी (प्लॅस्टिकची पातळ पिशवी), आल्या-लसणाची पन्नी, गिलक्यांची, टमाट्यांची, कोथिंबिरीची, अशा पाच-सात निघतात. म्हणजे एवढं करून वाचली ती फक्त वरची मोठी झबला पिशवी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशवीबंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तरी ५,००० रुपये दंड. पण गिऱ्हाईक मागतं तोवर गल्ल्याखालचा गठ्ठा काही हलत नाही.

तेव्हा आधी छोट्या पिशव्या शिवा. जुनं सुती लुगडं, धोतर, पंचा, काहीही चालेल. ९ बाय २२ इंचाचा तुकडा मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडून टीप मारा, तोंडाला इंचभर दुमड घाला. ८ बाय १० ची पिशवी झाली. अर्धा किलो भेंडी आरामात बसते. अशा सहा पुरतात. नाडी घालू नका. गर्दीत ती सोडत बसायला ना तुम्हाला वेळ, ना भाजीवालीला. तोंड उघडं धरलं की पारडं सरळ आत रिकामं होतं.

नायलॉनच्या साडीचा मोह टाळा. तिच्या कडेचे धागे सुटतात आणि शिलाई उसवते. वापरायचीच असेल तर आधी कड दुमडून शिवा.

मोठ्या थैलीला जुनी जीन्स किंवा जाड चादर लागते. कापड १७ बाय ४० इंच. शिवून झाल्यावर उलट्या बाजूने तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी धरून ४ इंचांची आडवी टीप मारा. तळ सपाट होतो, थैली ओट्यावर उभी राहते. थैली फाटते ती बहुतेक बंदाच्या जोडाशी. बंद २ इंच खालपर्यंत आणा, तिथे चौकोनी टीप आणि तिच्यात फुली मारा. ४ इंचांची पट्टी चार पदरी दुमडून इंचभर रुंद बंद करा; याहून अरुंद बंद पाच किलो कांदे-बटाट्यांनी बोटांत रुततो. केळीची फणी सगळ्यात वर, हे काही सांगायला नको.

पालेभाजीची गोष्ट वेगळी. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हात मेथी कोरड्या कापडात घरी येईस्तोवर मान टाकते. तिची पिशवी निघताना भिजवून घट्ट पिळून घ्या. मात्र घरी आल्यावर जुडी लगेच बाहेर काढा, ओल्या पिशवीत रात्रभर राहिली तर काळी पडते.

किराणा दुकानात वजन पिशवीसकट होतं. सुती छोटी पिशवी दहा-पंधरा ग्रॅमच भरते, तरी रिकामी पिशवी आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा.

दुकानात मिळणारी रंगीत ‘कापडी’ पिशवी एकदा उजेडात धरून बघा. उभे-आडवे धागे दिसले तर कापड. नुसते टिंब-टिंब ठसे दिसले तर ते प्लॅस्टिकच. कोपरा जाळला की राख न होता वितळून गोळी होते.

सहाही पिशव्या मोठीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवा. दाराच्या खुंटीवरची थैली खुंटीवरच राहते. मिरचीची पिशवी तेवढी वेगळी धुवा, नाहीतर लहान मुलाच्या कपड्यांना तिखट लागतं.