तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग: कॉइल, प्लग निर्दोष सुटले, आता वायरिंग

गाडी 1197 सीसी पेट्रोल, चार सिलेंडर, प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉइल. यवतमाळकडे शेतातल्या घरी, कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाला लागूनच उभी असते. आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) हादरते, चढावर झटके देते, चेक लाइट मधूनच लुकलुकतो. तो लुकलुकत असताना गाडी दामटू नये: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि त्याची जाळी वितळते.

स्कॅनरवर पी0303, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट जळत नाही (मोजणी टायमिंग चेनच्या बाजूने). पी0300 (कोणत्याही एका सिलेंडरचं नाव नसलेलं मिसिंग) आला असता तर पेट्रोलचा दाब, हवेची गळती अशा सगळ्यांच्या सामायिक गोष्टी आधी पाहाव्या लागल्या असत्या.

3 ची कॉइल 1 वर, 1 ची 3 वर. कोड पुसून गाडी फिरवली, पुन्हा पी0303. मग 3 चा प्लग 2 वर, तरी तेच. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर दोष कोणासोबत गेला ते कळत नाही. मिस्त्री चारही प्लग नवे टाकून मोकळे होतात. त्यात जुन्या प्लगवरचा पुरावा कचऱ्यात जातो. काढलेला प्लग ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर सहसा ठिणगीत खोट. इथे तिसरा कोरडा, पांढरट. बाकीचे तिन्ही फिकट विटकरी. म्हणजे पेट्रोलच पुरेसं येत नाही.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) +14 टक्के दिसतो, त्यावर भुलू नका. मिसिंगमध्ये न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, तिथला ऑक्सिजन सेन्सर त्याला 'पेट्रोल कमी' समजतो आणि ईसीयू चारही सिलेंडरना जास्त पेट्रोल देतो. ठिणगी नसली तरी हेच होतं.

कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब): पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज आणि चारही प्लग काढून, कॉइल व इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या नळाचे) कनेक्टर सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून 172, 170, 168, 172 पीएसआय. इंजिन धडधाकट.

इंजेक्टरच्या आतली कॉइल चारही ठिकाणी 12 ओहमच्या आसपास. तिसऱ्याची वायरसुद्धा मल्टीमीटरवर शून्याच्या जवळ, आणि फसवणूक इथेच होते. तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी मीटर तिला अखंड म्हणतो, पण इंजेक्टर साधारण 1 अँपिअर ओढतो. म्हणून गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली, वायरची दोन्ही टोकं ईसीयू आणि इंजेक्टरपासून सोडली, वेगळ्या 12 व्होल्ट बॅटरीवर मोटरसायकलच्या इंडिकेटरचा 10 वॅटचा बल्ब त्या वायरमधून पेटवला. बाकी वायरींवर लख्ख, तिसरीवर मंद. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवला की विझतो. ईसीयू जोडलेला ठेवून हा प्रयोग कधीच करू नये.

इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली आवरण सोलून पाहिलं: उंदराचे बारीक दात, हिरवट झालेलं तांबं, शेजारी सोयाबीनची फोलपटं. हिरवा भाग कापून टाकला, तेवढ्याच जाडीचा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसता पीळ देऊन टेप लावला की आपल्याकडच्या मे महिन्यात गोंद पातळ होतो आणि जोड उघडा पडतो.

आता आयडल स्थिर, कोड परतलेला नाही. बाकी काम: ट्रिम ±5 टक्क्यांत उतरतो का ते पाहणं, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं तपासणं, हार्नेसवर स्टीलची जाळी चढवणं. आणि गाडी कुटारापासून दूर लावणं. जाळीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त.