मुलीला पत्रकारितेत पाठवू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पाठवा. मुलीची बारावी झाली की आया हाच प्रश्न घेऊन येतात आणि काळजी बहुतेक रात्रपाळीची असते. रात्रपाळी अवघड आहे, पण तिच्यावर उपाय निघतो. शहर आवृत्तीसाठी उशिरापर्यंत थांबावं लागलं तर घरी सोडायला गाडी मागता येते, आणि ती मागावीच. मला जास्त काळजी वाटते ती बीटची, म्हणजे बातम्यांसाठी तिला कोणतं क्षेत्र दिलं जातं याची.

नव्या मुलीच्या हातात अनेकदा पुरवणी येते: पाककृती, सणवार, शाळांचे कार्यक्रम. हे काम मी आवडीनं केलंय. पण पुढे जिल्हा प्रतिनिधी नेमायची वेळ आली की राजकारण आणि क्राइम कुणी सांभाळलंय, हेच पाहिलं जातं. म्हणून पहिल्याच वर्षी तिनं महसूल, जिल्हा परिषद किंवा कोर्ट मागून घ्यावं. ठराव, निविदा, आरोपपत्रं वाचायची सवय तिथे लागते. ‘बातमी संध्याकाळी टपरीवर कळते,’ असं पुरुष सहकारी सांगतात आणि त्यात तथ्य आहे. अधिकारी तिथे मोकळेपणानं बोलतात; आपण जाऊन उभ्या राहिलो की दुसऱ्या दिवशी चर्चा आपलीच होते. पण कागद वाचता आला की टपरीवाचून फारसं अडत नाही. माझ्या कितीतरी चांगल्या बातम्या आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनांनी आणि अंगणवाडी सेविकांनी दिल्या आहेत.

सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या तानूबाई बिर्जे यांनी नवऱ्याच्या पश्चात ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचं संपादन केलं, तेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. बुंदेलखंडात चित्रकूटला २००२ साली ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झालं. तिथल्या दलित बायका हातपंपापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्याच्या बातम्या करू लागल्या, त्याही बुंदेलीत. दोन्हीकडे ‘हे तुझं, ते त्याचं’ म्हणत बीट वाटणारा साहेब डोक्यावर नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्रासाबद्दलही बोलायला हवं. आमच्या वेळी मुली गुपचूप नोकरी बदलायच्या, आणि त्रास देणारा खुर्चीवर तसाच राहायचा. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली. २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं पत्रकार प्रिया रमाणी यांना, आपल्या जुन्या संपादकावर लैंगिक छळाचा आरोप केल्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यातून, निर्दोष सोडलं आणि बाईला अनेक वर्षांनंतरही तक्रार मांडता येते, असं स्पष्ट म्हटलं. तो निकाल वाचून मी रडले होते.

तालुक्याला मानधन तुटपुंजं असतं, सुरुवातीला घरून मदत लागेल. आणि मुलाखतीला जाताना तिला दोन गोष्टी विचारायला सांगा: तुमच्या समितीवर कोण आहे, आणि मला बीट कोणतं देणार?