बाटलीवरचे हजार

रात्री अडीच-तीनला पोटरीत गोळा यायचा. मी ओरडायचो, ही उठून अंगठा धरून पाऊल वर ओढायची. आठवड्यातून चारदा तरी. शेवटी मुलाने पुण्याहून गोळ्यांची बाटली धाडली. वर ठळक अक्षरांत ‘मॅग्नेशियम सायट्रेट १००० मिग्रॅ’.

पहिल्याच रात्री मी दोन घेतल्या. सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण निम्मी झाली आणि पोटात ढवळलं. खाली कसा उतरलो ते विचारू नका. हा क्षार आतड्यात पाणी ओढून धरतो. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायलाही तो मोठ्या मात्रेत देतात. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे आठवावं कुठे, तर संडासात!

मग कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. मॅग्नेशियमचे तीन अणू, २४.३ प्रमाणे ७२.९. रेणूचं वजन ४५१. शेकडा १६. म्हणजे हजारात मॅग्नेशियम फक्त १६२ मिग्रॅ, बाकी सगळं सायट्रेट. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं, पण चष्मा कोण शोधणार! मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळीत ६० टक्के असतं, पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे अंगी कमी लागतं. आकडा मोठा म्हणून माल भारी, असं नाही. दहावीच्या पोरांना हेच विचारून मी मार्क कापायचो.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “काका, ॲसिडिटीची गोळी किती वर्षं?” सहा. पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं. माझं १.५ निघालं, १.७ च्या खाली कमी धरतात. आधी क्रिएटिनिन पाहिलं, कारण किडनी मंद असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं. ते ठीक निघालं. मग ॲसिडिटीची गोळी बदलली आणि मॅग्नेशियमची एकच, रात्री जेवणानंतर. थायरॉइडची सकाळी, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

आता गोळा महिन्यातून एखाददुसरा. श्रेय कोणाचं, कोण जाणे. वयस्कांच्या पोटरीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसत नाही, असं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० चा आढावा म्हणतो. हिचं म्हणणं वेगळंच, “अहो, मी राजगिऱ्याचे लाडू सुरू केले ना!” राजगिऱ्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, त्यामुळे वाद घालता येत नाही.

परवा पुन्हा आला. हिने झोपेतच अंगठा धरला, चुकून दुसऱ्या पायाचा.