सहा माग, एक मामा आणि एक दिवा

अभ्यासक्रमाच्या शेवटी मुलांनी करायच्या कॅपस्टोन प्रोजेक्टच्या कल्पना मागवल्या की पहिल्या आठवड्यात काय येणार हे मला पाठ झालंय. आपोआप झाकण उघडणारा डस्टबिन, अंधांसाठी काठी, स्वतःला पाणी घालून घेणारी कुंडी. पहिल्या दोन्हींत एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो आणि तिसरीत मातीत खुपसायचे दोन धातूचे दात, जे वीज वाहून वाहून थोड्याच दिवसांत गंजतात. मुलं आळशी असतात असं नाही. दुकानात जो सेन्सर स्वस्त मिळतो तो ती आधी घेतात आणि मग त्याला साजेशी अडचण शोधत फिरतात.

यंदा एका गटाला म्हटलं, लॅबमध्ये बसून कल्पना शोधणं बंद. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला. त्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली मुलं पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांसाठी डस्टबिन बनवतात, हे मला पटत नाही. गटातल्या एका मुलीचे मामा माग चालवतात. ते कामाला आहेत त्या कारखान्यात जायचं ठरलं.

शेडमध्ये चोवीस माग होते. आत गेल्यावर पहिली काही मिनिटं बोलणं शक्यच नव्हतं. मुलांनी वह्या काढून सेन्सरांची नावं लिहायला सुरुवात केली, आणि एकेक नाव तिथल्या तिथे बाद होत गेलं. मायक्रोफोन लावून बंद पडलेला माग ओळखू, असं एकानं सुचवलं. बाकीचे तेवीस माग गप्प बसणार आहेत का, हे त्यालाच बाहेर येऊन कळलं. कंपन मोजायचं तर फरशीच हलत होती. इन्फ्रारेड चालेल असं वाटलं, तेवढ्यात मुलीनं मागाच्या चौकटीवरून बोट फिरवून दाखवलं. बोटाला सुताच्या तुसाचा थर आला. लेन्सवर तो दुसऱ्या पाळीपर्यंत बसला असता.

चहाच्या सुट्टीत मामांना विचारलं, माग बंद पडल्याचं सांगणारं यंत्र केलं तर?

"बंद पडल्यालं मला कळतंय की," मामा म्हणाले. "बंद पडायच्या आदी कोण सांगनार?"

बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला किंवा संपला की एक लहानसा काटा ते ओळखतो आणि माग थांबवतो. ही सोय साध्या मागावरही जुनीच आहे. हा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा. त्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपत आलीय हे आधी ओळखणारी यंत्रणा मात्र ऑटोमॅटिक मागावर असते, साध्या मागावर नसते. म्हणजे मामा आपल्या वाट्याच्या सहा मागांमध्ये फिरत राहतात आणि कुठली कांडी कधी संपेल हे अंदाजाने धरतात.

मग आम्ही हिशोब मांडला, आणि माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं सार तिथंच होतं. सूत ३० नंबरचं. म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ३० लडी, एका ग्रॅममध्ये साधारण ५० मीटर धागा. शेडमधल्याच काट्यावर कांडी तोलली, रिकामी कांडी वजा केली. सूत २५ ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे साडेबाराशे मीटर. कापडाचा पन्हा ४८ इंच, धाग्याची थोडी वळवळ धरली तर एका फेकीला, म्हणजे धोट्याच्या एका खेपेला, सव्वा मीटर. हजार फेकी झाल्या की कांडी रिकामी. माग मिनिटाला सव्वाशे फेकी टाकत होता. म्हणजे आठ मिनिटं!

"आणि माग सहा," मुलगी म्हणाली. पेन तसंच धरून ती मामांकडे बघत होती. दर ऐंशी सेकंदांना एक कांडी, पाळीभर. त्यात मधे तुटणारे धागे वेगळेच. इथली मजुरी ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला ५२ फेकींच्या, कापडाला मीटरमागे ठरते, आणि त्या कापडाचा अर्धा मीटरही एका कांडीत होत नाही. घरात रोज जेवायला बसणाऱ्या माणसाचं काम तिनं पहिल्यांदाच आकड्यांत पाहिलं होतं. मामांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी चहाचा कप धुऊन ठेवला.

त्यानंतर कल्पना सुचवायला मला काही करावं लागलं नाही. मागाच्या क्रँक शाफ्टचा, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याचा, एक फेरा म्हणजे एक फेक. शाफ्टवर छोटं चुंबक, शेजारी ते जवळून गेलं की ओळखणारा हॉल सेन्सर. तुसाचा त्याला काही त्रास नाही. नऊशे मोजून झाले की त्या मागावर पिवळा दिवा. अडलं ते एका ठिकाणी, मोजणी शून्यावर कधी आणायची? कांडी बदलल्यावर बटण दाबा म्हणणं म्हणजे ऐंशी सेकंदांच्या फेऱ्यात आणखी एक काम घुसडणं. शेवटी एकानं तोडगा काढला: नऊशेच्या पुढं माग थांबला तर कांडी बदलली असं धरायचं, त्याआधी थांबला तर धागा तुटला असं धरून मोजणी चालू ठेवायची. चुकेल कधीकधी. पण कांड्या सगळ्या सारख्या भरलेल्या नसतातच. दिवा फार लवकर लागला आणि मामांनी लगेच कांडी काढली, तर उरलेलं सूत वाया जाणार. तेव्हा नऊशे हा आकडाही शेडमध्येच ठरवावा लागेल.

तोवर मालक आले. त्यांना कल्पना आवडली, फार आवडली. कुठला माग किती मिनिटं उभा होता ते मोबाईलवर दिसेल ना, असं त्यांनी विचारलं. ईएसपी३२ या कंट्रोलर चिपला वायफाय असतंच, मुलांनी उत्साहानं माना डोलावल्या. मामा काही बोलले नाहीत. मालक गेल्यावर मात्र भाचीला हळूच म्हणाले, "ह्यातलं आकडं वर जानार असतील तर माझ्या मागाला लावू नगासा."

परतीच्या वाटेवर यावर चांगलीच जुंपली. मालकच पैसे देणार, मग त्यांना हवं ते का नको, असं दोघांचं म्हणणं. मी मामांच्या बाजूनं बोलले, आणि फक्त दया म्हणून नव्हे. ज्याच्या हाताखाली सेन्सर बसणार त्यालाच तो नकोसा झाला, तर चुंबक जरा सरकवायला दोन बोटं पुरतात. मग मालकाच्या मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांचं मोल काय? शिवाय वायफाय काढलं की खर्चही उतरतो. हिशोब एक साधा मायक्रोकंट्रोलर करतो.

प्रोजेक्टच्या फॉर्मवरच्या 'मोबाईल ॲप' या रकान्यात मुलांनी 'नाही' असं लिहून दिलं. परीक्षक त्यावर नक्की प्रश्न काढणार. मालकांनी तरीही एका मागावर बसवून बघायला परवानगी दिली आहे, चौकटीला भोक पाडायचं नाही या अटीवर. सध्या क्लॅम्प कसला वापरायचा यावर गटात वाद चालू आहे.