चवळीचा दांडा तोडू नका हो

लांब चवळी पहिल्यांदा लावली तेव्हा माझी सगळी काळजी बी उगवेल का याचीच होती, आणि नेमकं तिथेच काही करावं लागलं नाही. हवा चांगली तापलेली होती, बी दोन सेंटीमीटर खोल खोचलं, पाचव्या दिवशी सगळी रोपं वर! (थंड, ओल्या मातीत हेच बी कुजतं, तो प्रयोग आधी करून झालाय.) वेल ९-१० फूट सहज चढतो, त्यामुळे उंच दोऱ्या बांधल्या की झालं.

घोळ झाला तोडणीत. फुलं सकाळी उघडतात, फिकट जांभळी, आणि दुपारपर्यंत मिटूनही जातात, मग उशिरा उठणाऱ्या माझ्यासारखीला ती दिसणार कधी. एकेका लांब दांड्याच्या टोकाला शेंगा जोडीने लटकतात आणि मी काय करायचे, दोन्ही एका मुठीत धरून दांड्यासकट ओढायचे, झटपट काम. पंधरा दिवसांत वेल नुसता हिरवागार आणि शेंगा मोजून चार! खत कमी पडलं म्हणून अजून घातलं, पानं आणखी माजली. चवळी मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंकडून नत्र मिळवते, तिला वरून नत्र ओतून काय होणार.

मग एकदा शेंग न तोडता नीट बघितली. ती जिथे दांड्याला चिकटते तिथेच मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या बसलेल्या. पुढच्या शेंगा तिथेच येणार होत्या, आणि मी त्या रोज उपटून टाकत होते!

आता कात्रीने फक्त शेंग कापते, दांडा वेलावरच ठेवते. तेही शेंग पेन्सिलीएवढी जाड असताना, आतले दाणे बाहेरून दिसायच्या आत. दोन दिवस गावाला गेलात की शेंग निबर झालीच, आणि वेल बी पिकवायच्या नादाला लागून फुलं कमी करतो.

‘यार्डलाँग बीन’ या हिच्या इंग्रजी नावातला ‘यार्ड’ मात्र मनावर घेऊ नका, तीन फुटांची वाट बघाल तर दोरखंड मिळेल. शास्त्रीय नावातल्या ‘सेस्क्विपेडालिस’चा अर्थ दीड फूट लांब, ते जास्त प्रामाणिक वाटतं.

सध्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आलाय आणि मुंग्या त्याची राखण करतायत. रोज सकाळी पाण्याचा जोरात फवारा मारते, संध्याकाळपर्यंत मुंग्या परत हजर.